अर्ज आणि उत्तर यांमधले दिवस

सेवेसाठी परदेशी जाण्याची इच्छा आमच्या गावांतील तरुणांच्या मनात अलीकडे वरचेवर उत्पन्न होताना दिसते. कोणी परिचारिका असते, कोणी शिक्षक, कोणी हिशेबाच्या कामात तरबेज. चाकरीसाठी आखातात जाण्याची वाट आमच्या लोकांस जुनीच ठाऊक आहे. परंतु आफ्रिकेतील एखाद्या दवाखान्यात किंवा निर्वासितांच्या छावणीतील शाळेत वर्ष-दोन वर्षे केवळ निर्वाहापुरत्या भत्त्यावर राबावे, ही ओढ निराळी होय. अशा अर्जासोबत पुष्कळदा धर्मगुरूंचे शिफारसपत्र जोडावे लागते. त्या निमित्ताने ही मुले आमच्याकडे येतात आणि अर्ज धाडल्यापासून उत्तर येईपर्यंत त्यांच्या जिवाची जी उलघाल होते, ती आम्हांस जवळून पाहावयास मिळते. तिच्याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. कारण अशा वेळी घरची माणसे धीरही देऊ शकतात आणि खच्चीही करू शकतात.

अर्जाची वाट लांबची असते. स्वतःची सारी माहिती भरावयाची, शिफारसपत्रे मिळवावयाची, पारपत्र कार्यालयाकडून पोलीस चौकशीचा दाखला आणावयाचा, शरीराची तपासणी करून घ्यावयाची, मग मुलाखत. आफ्रिकेतील पुष्कळ देशांसाठी पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते आणि तिचा दाखला दहा दिवसांनंतरच ग्राह्य होतो. प्रत्येक पायरीवर आशा एक हात वर चढते. मुलाखतीचे बोलावणे आले की घरात जणू सणच. आई मुलाला नेण्यासाठी लोणच्याची बरणीही मनातल्या मनात भरून ठेवते. आणि मग काहीच घडत नाही. आठवडे जातात, महिने जातात. शेजारीपाजारी विचारतात, "काय हो, विमान कधी सुटणार?" तोच मुलगा, जो महिन्यापूर्वी मिस्सेत मोठ्या उमेदीने वाचन करीत होता, तो आता मंदिराच्या मागच्या बाकावर मान खाली घालून बसू लागतो.

हा विलंब बहुतेक वेळा कोणाच्या दुष्टाव्याने होत नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने १९७० साली स्वयंसेवकांची योजना स्थापिली. तिचे मुख्य कार्यालय आज जर्मनीतील बॉन शहरी आहे. तेथे नाव नोंदविले म्हणजे निवड झाली असे होत नाही. ज्या देशास ज्या क्षणी ज्या कौशल्याची गरज पडेल, त्याप्रमाणे नावे काढली जातात. येशूसंघाचे फादर पेद्रो अरुपे यांनी १९८० साली निर्वासितांच्या सेवेसाठी जी संस्था सुरू केली, तिच्यासारख्या कॅथोलिक संस्थांतही गरज पाहूनच माणूस घेतला जातो. सुईणीची जागा असेल तेथे सुतार कितीही भाविक असला तरी काय उपयोग? नकार मिळाला तो त्या जागेपुरता. माणसाचे मोल त्याने ठरत नाही.

मनाच्या या चढउतारांविषयी संत इग्नाशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या ग्रंथात, ज्यास १५४८ साली पोप तिसरे पॉल यांची मान्यता लाभली, मोठा व्यवहारी सल्ला दिला आहे. उदासीनता दाटून आली असता पूर्वी शांत चित्ताने केलेला निश्चय बदलू नये, असे ते सांगतात. आणि मन उल्हासाने भरले असता पुढे येणाऱ्या कोरड्या दिवसांची शिदोरी बांधून ठेवावी, असेही. आमच्या शेतकरी कुटुंबांस हे वेगळे समजावून सांगावयास नको. पावसाने ओढ दिली म्हणून कोणी बियाणे दळून खात नाही, आणि सुगी झाली म्हणून कोणी कणगी एका महिन्यात रिकामी करीत नाही.

आमच्याच भूमीतील संत जोसेफ वाझ यांचे उदाहरण घ्या. १६५१ साली गोव्यातील बाणावली येथे त्यांचा जन्म झाला. सिलोनात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, डच सत्तेने कॅथोलिक धर्मगुरूंस बंदी केली होती आणि तेथील भाविक मिस्सेवाचून दिवस काढीत होते. हे ऐकून त्यांनी तेथे जाण्याची परवानगी मागितली. १६८१ साली वरिष्ठांनी त्यांस धाडले ते कानडा प्रांतात! तेथील ख्रिस्तसमाज धर्माधिकाराच्या वादाने दुभंगला होता. हवे होते एक, हाती आले दुसरे. तरीही तीन वर्षे त्यांनी ते काम मन लावून केले. पुढे जुन्या गोव्यात ऑरेटरी संघात ते सामील झाले आणि १६८६ साली अखेर सिलोनच्या वाटेस लागले. कँडी येथे त्यांस हेर समजून तुरुंगात टाकण्यात आले. पुढे त्याच नगरीत देवीची साथ पसरली असता त्यांनी रोग्यांची शुश्रूषा केली. १७११ साली तेथेच त्यांनी देह ठेविला आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांस संतपद बहाल केले. कानडातील ती तीन वर्षे वाया गेली, असे आज कोण म्हणेल?

परंतु ज्यांना शेवटपर्यंत होकार मिळतच नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी बाळ येशूची संत तेरेजा आहे. फ्रान्समधील लिझ्यू येथील ही कार्मेल भगिनी हनोई येथील मठात जाण्यास आतुर होती. क्षयाने तिची वाट अडविली आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी, वयाच्या अवघ्या २४ व्या वर्षी, ती प्रभूघरी गेली. मठाच्या भिंतींआडून तिने दोन मिशनरी धर्मगुरूंस पत्रांनी आणि प्रार्थनेने साथ दिली होती. १९२७ साली पोप अकरावे पायस यांनी तिलाच सर्व मिशनकार्याची आश्रयदात्री संत म्हणून घोषित केले.

आईबापांनो, आपल्या लेकराचा अर्ज उत्तराची वाट पाहत असेल तेव्हा त्यास रोज विचारून बेजार करू नका, आणि नकार आला तर "आम्ही सांगत होतोच" असे म्हणू नका. परदेशी जाण्यामागे सेवा आहे की केवळ गाव सोडण्याची घाई, हे मात्र प्रेमाने जरूर विचारा. निवडीच्या नावाखाली कोणी दलाल पैसे मागू लागला तर सावध व्हा. संयुक्त राष्ट्रसंघ तर अर्जदाराकडून भरतीसाठी एक पैही घेत नाही.

आणि तरुणांनो, उत्तर येईपर्यंत हात बांधून बसू नका. जो परक्या मुलांस शिकवू इच्छितो त्याने आजपासून आपल्याच वाड्यावरील नापास झालेल्या मुलास तासभर शिकवावे. जी दूरदेशीच्या रुग्णांची सेवा करू इच्छिते तिने अंथरुणास खिळलेल्या शेजारच्या आजीची विचारपूस करावी. होकार आला तर हात सरावलेले असतील. नकार आला तरी त्या मुलास आणि त्या आजीस तुमची गरज आहेच; त्यांच्या दारी जाण्यास ना पारपत्र लागते ना शिफारसपत्र.