संगणक सुरू होत नाही तेव्हा

सोमवारी शाळा भरण्यापूर्वी तुम्ही संगणकाचे बटन दाबता आणि काहीच होत नाही. पडदा काळा तो काळाच. आत वर्षभराचे गुण, मुलांच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे अर्ज. अशा वेळी पोटात गोळा येतो हे खरे; परंतु संगणकाच्या बिघाडापेक्षा पुढच्या अर्ध्या तासातल्या घाईनेच बहुधा अधिक नुकसान होते.

प्रथम एक गोष्ट मनात पक्की धरा. तुमच्या नोंदी हार्ड डिस्कमध्ये असतात, आणि संगणक चालू करणारी यंत्रणा निराळी असते. बैलगाडीचे चाक मोडले म्हणून गाडीतले धान्य नाहीसे होत नाही, तसेच हे. संगणक सुरू न होणे म्हणजे नोंदी गेल्या, असे नव्हे.

आता शोध भिंतीपासून आत न्यायचा. विहिरीवरचा पंप बंद पडला तर आपण आधी फ्यूज पाहतो, लगेच मोटर उघडत नाही. त्याचप्रमाणे, ज्या बोर्डात संगणकाचा प्लग आहे तिथे दुसरा एखादा दिवा लावून पाहा. मध्ये यूपीएस असेल तर त्याला वगळून प्लग थेट भिंतीच्या बोर्डात लावा. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत दमते आणि मग वीज असूनही काही यूपीएस सुरूच होत नाहीत. हसू नका, पण मी स्वतः एकदा अख्खा डबा मांडीवर घेऊन एस.टी.ने तालुक्याला गेलो होतो. दुकानात दुसरी वायर लावताच तो चालू झाला! वायर माझ्या घरीच राहिली होती, आणि दोष तिच्यातच होता.

वीज येते आहे, तरी दिवा नाही, पंखा नाही? मग डब्यातल्या वीजपुरवठ्याच्या पेटीवर संशय घ्यावा. भिंतीतल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करण्याचे काम ही पेटी करते. ती उघडू मात्र नका; प्लग काढल्यावरही तिच्यात काही काळ धक्का देण्याइतका विद्युत्भार राहतो. जुन्या पेट्यांच्या मागे ११५ आणि २३० असे आकडे असलेला छोटा खटका असतो. तो २३० वरच हवा. कुतूहलाने ११५ वर सरकवून बटन दाबले, तर पेटी जळालीच म्हणून समजा.

पंखा फिरतो पण पडदा काळा, असे असेल तर आधी पडद्याचा स्वतःचा दिवा आणि त्याची वायर पाहा. ‘नो सिग्नल’ अशी अक्षरे आली तर पडदा जिवंत आहे, चूक मागे आहे. सुरू होताना संगणक स्वतःची परीक्षा घेतो, आणि नापास झाला तर पुष्कळदा पीं-पीं असा आवाज करतो. किती वेळा, लांब की आखूड, हे मोजून ठेवा. त्याचा अर्थ कंपनीगणिक निराळा असतो. पुष्कळदा दोष रॅमच्या पट्टीचा निघतो. आपल्याकडच्या पावसाळी हवेने आणि धुळीने तिच्या सोनेरी कडेवर थर चढतो. प्लग काढून बटन काही सेकंद दाबून धरा, डब्याच्या उघड्या धातूला हात लावा, मग पट्टी काढून ती कड खोडरबराने हलकेच पुसा आणि दोन्ही टोकांना ‘खट्’ होईपर्यंत परत बसवा. एवढ्याने पुष्कळ ‘मेलेले’ संगणक उठून बसलेले मी पाहिले आहेत.

पडद्यावर अक्षरे उमटली तर निम्मी लढाई जिंकली. विसरलेला पेनड्राइव्ह आधी काढा. तारीख भलतीच जुनी दिसत असेल तर आतली नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी संपली आहे. तिच्यावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. मात्र हार्ड डिस्कमधून टक-टक असा आवाज येऊ लागला, तर पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. तिथेच थांबा.

आणि आता मुख्य धोका. ‘फॉरमॅट मारून देतो, एका तासात चालू!’ असे कोणी म्हणाले की सावध व्हा. माझ्या परिचयाच्या एका गुरुजींचा संगणक असाच तासाभरात चालू झाला, आणि दोन वर्षांची प्रगतिपत्रके पुसली गेली. दोष फक्त विंडोजमध्ये होता. डिस्क धडधाकट होती. आधी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून नोंदी उतरवून घ्यायला सांगा, समोर बसून त्या उघडून पाहा, मगच पुढचे काम. नव्या विंडोजमध्ये कधी कधी डिस्कला कुलूप असते, आणि दुसऱ्या संगणकावर ते ४८ अंकी किल्लीवाचून उघडत नाही. यंत्र नीट चालते आहे तोवरच ती किल्ली वहीत उतरवून ठेवावी.

कारागिराला फोन करण्यापूर्वी कागदावर चारच गोष्टी लिहा : दिवा लागतो का, पंखा फिरतो का, आवाज किती वेळा येतो, आणि पडद्यावर शेवटची अक्षरे कोणती दिसली. अक्षरे इंग्रजीत भराभर निघून जात असतील तर मोबाइलने त्यांचा फोटो घ्या.