तंत्रिका प्रत्याभरण

मेंदूतील विद्युत् व्यापाराचे सतत मापन करून त्याचा निष्कर्ष त्याच क्षणी ध्वनी, प्रकाश अथवा चित्र यांच्या रूपाने त्या व्यक्तीपुढे ठेवणे आणि त्याच्या साहाय्याने तिला मेंदूतील विशिष्ट तरंग वाढविण्याचे वा कमी करण्याचे शिक्षण देणे, या पद्धतीस तंत्रिका प्रत्याभरण म्हणतात. ‘न्यूरोफीडबॅक’ या नावानेही ती ओळखली जाते. हृदयाची गती, त्वचेचे तापमान, स्नायूंचा ताण इत्यादींच्या बाबतीत वापरल्या जाणाऱ्या जैव प्रत्याभरणाचाच हा एक प्रकार होय. मानसशास्त्रातील साधक अभिसंधानाचे तत्त्व तिच्या मुळाशी आहे : ज्या प्रतिसादानंतर लगेच पारितोषिक मिळते, तो प्रतिसाद पुन:पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. येथे प्रतिसाद म्हणजे हातापायांची हालचाल नसून मेंदूतील विशिष्ट लय असते व पारितोषिक म्हणजे सुखद ध्वनी, पडद्यावरील गुण किंवा पुढे सरकणारे चित्र असते.

मेंदूतील तरंग : मेंदूच्या बाह्यकातील असंख्य तंत्रिका कोशिकांच्या अनुबंधनांवर निर्माण होणारी अल्प विद्युत् वर्चसे एकत्र आली म्हणजे त्यांची बेरीज कवटीवरील त्वचेपर्यंत पोहोचते. तेथे ठेवलेल्या विद्युत् अग्रांमधील वर्चोभेद विवर्धकाने वाढवून नोंदल्यास विद्युत् मस्तिष्कालेख मिळतो. निरोगी प्रौढाच्या आलेखातील तरंगांचा परमप्रसर सामान्यत: 10 ते 100 मायक्रोव्होल्ट असतो. कंप्रतेनुसार तरंगांचे पट्टे पाडले आहेत : डेल्टा (4 हर्ट्‌झपेक्षा कमी), थीटा (4 ते 8), आल्फा (8 ते 13), बीटा (13 ते 30) आणि गॅमा (30 हून अधिक). गाढ निद्रेत डेल्टा, डुलकी लागताना थीटा, डोळे मिटून स्वस्थ बसले असता डोक्याच्या मागील भागावर आल्फा आणि जागृत, सावध स्थितीत बीटा तरंग ठळक असतात. मात्र या पट्ट्यांच्या सीमा सोयीसाठी ठरविलेल्या आहेत. एका पट्ट्यातील तरंग म्हणजे एकच मानसिक अवस्था, असे समीकरण मांडता येत नाही.

इतिहास : 1875 मध्ये रिचर्ड कॅटन या इंग्रज वैद्याने ससे व माकडे यांच्या उघड्या मेंदूवर विद्युत् प्रवाह आढळल्याचे जाहीर केले. येना येथील जर्मन मनोविकारतज्ञ हान्स बेर्गर यांनी 1924 मध्ये मानवी मेंदूचा पहिला विद्युत् आलेख घेतला व 1929 मध्ये तो प्रसिद्ध केला. आल्फा लय डोळे उघडताच दबते, हे त्यांनीच दाखविले. प्रारंभी या निष्कर्षांकडे संशयाने पाहिले गेले. परंतु 1934 मध्ये केंब्रिज येथील एडगर एड्रिअन व ब्रायन मॅथ्यूज यांनी त्यांना पुष्टी दिली.

शिकागो विद्यापीठात जो कामिया यांनी 1958 च्या सुमारास केलेल्या प्रयोगांत डोळे मिटून बसलेल्या व्यक्तीला घंटा वाजताच, आपल्या मेंदूत त्या वेळी आल्फा लय आहे की नाही, याचा अंदाज सांगावयाचा असे. अंदाज बरोबर की चूक हे लगेच कळविल्यास काही व्यक्तींना ही ओळख चांगली साधते असे दिसून आले. पुढे आल्फा लय हेतुपूर्वक वाढविता येते, असा दावा झाला व अमेरिकेत आल्फा प्रशिक्षणाची लाटच आली. तथापि 1973 मध्ये डेव्हिड पास्केविट्झ व मार्टिन ऑर्न यांनी दाखवून दिले की, काळोखात, दृष्टीचा अडथळा नसताना, प्रशिक्षणाने आल्फा लय मूळ पातळीच्या वर जात नाही. उजेडात दिसणारी वाढ म्हणजे बव्हंशी डोळ्यांमुळे दबलेली लय पूर्ववत होणे होय.

याच सुमारास कॅलिफोर्नियातील बॅरी स्टर्मन हे मांजरांवर प्रयोग करीत होते. संवेदी-प्रेरक बाह्यकावर 12 ते 15 हर्ट्‌झची लय उमटली की मांजराला अन्न मिळे. मांजरे ही लय वाढविण्यास शिकली. नंतर रॉकेटच्या इंधनातील मोनोमिथिल हायड्रॅझीन या विषारी द्रव्याचे परिणाम तपासताना अशा शिकविलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात, असे आढळले. मांजराला आपल्याकडून काय अपेक्षित आहे याची कल्पना नसल्याने हा परिणाम केवळ श्रद्धेचा म्हणता येत नाही आणि म्हणूनच या प्रयोगाला महत्त्व आले. 1972 मध्ये स्टर्मन व एल. फ्रायर यांनी अपस्माराच्या एका रुग्णावर ही पद्धती वापरल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. 1976 मध्ये टेनेसी विद्यापीठातील जोएल ल्यूबार व मार्गारेट शाउस यांनी ती अतिचंचल मुलाच्या बाबतीत वापरली. 1989 मध्ये यूजीन पेनिस्टन व पॉल कुल्कोस्की यांनी मद्यासक्त रुग्णांसाठी आल्फा-थीटा प्रशिक्षणाची योजना मांडली. 1999 मध्ये जर्मनीतील ट्यूबिंगेन येथे नील्स बिरबाउमर व त्यांचे सहकारी यांनी, सर्वांग लुळे पडलेल्या रुग्णांना बाह्यकाची मंद वर्चसे नियंत्रित करावयास शिकवून संगणकाच्या पडद्यावरील अक्षरे निवडता येतात, हे सिद्ध केले.

मूल्यमापन : प्रशिक्षणापूर्वी मेंदूतरंगांची पाहणी करतात. 1958 मध्ये हर्बर्ट जॅस्पर यांनी मांडलेल्या दहा-वीस पद्धतीनुसार कवटीवरील ठराविक अंतरे मोजून सामान्यत: 19 विद्युत् अग्रे बसवितात. डोळे मिटून व डोळे उघडे ठेवून काही मिनिटांच्या स्वतंत्र नोंदी घेतात. त्यानंतर फूर्ये रूपांतर या गणिती क्रियेने आलेखाचे पृथक्करण करून प्रत्येक स्थानावर प्रत्येक पट्ट्याची शक्ती किती, हे संगणकाने काढतात. दोन सेकंदांचे तुकडे घेतल्यास कंप्रतेतील अर्ध्या हर्ट्‌झचा फरक ओळखता येतो. मिळालेल्या मूल्यांची त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींच्या संग्रहित मूल्यांशी तुलना करतात आणि फरक प्रमाण विचलनाच्या पटीत व्यक्त करतात. न्यूयॉर्क येथील ई. रॉय जॉन व त्यांचे सहकारी यांनी 1970 नंतरच्या दशकात या संख्यात्मक पद्धतीचा पाया घातला. निष्कर्ष बहुधा मस्तकाच्या रंगीत नकाशांच्या रूपाने दाखवितात.

निष्कर्षांचा अर्थ : रंगीत नकाशा पाहताक्षणी पटणारा असतो, परंतु त्याचा अर्थ लावण्यापूर्वी मूळ आलेख डोळ्यांनी तपासणे अनिवार्य असते. पापणी लवल्याने ललाट भागावर मंद व मोठा तरंग उमटतो आणि संगणक त्याची गणना डेल्टा किंवा थीटात करतो. जबडा आवळल्यास शंखभागावरील स्नायूंचा विद्युत् व्यापार बीटासारखा भासतो. घाम, हृदयाचे ठोके, सैल बसलेले विद्युत् अग्र आणि भारतात 50 हर्ट्‌झचा विद्युत् पुरवठा यांमुळेही नोंद दूषित होते. असे भाग वगळल्यावरच उरलेल्या भागाचे गणित करावयाचे असते.

दुसरी दक्षता स्थितीविषयीची आहे. कंटाळून पेंगू लागलेल्या मुलाच्या आलेखात थीटा वाढतो आणि आल्फा कमी होतो; तो विकार नसून झोप असते. बेंझोडायझेपीन गटातील औषधांनी बीटा वाढतो. वयाचा प्रभाव तर फार मोठा असतो. मागील भागावरील प्रमुख लय तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सु. 8 हर्ट्‌झ असते व पौगंडावस्थेपर्यंत ती सु. 10 हर्ट्‌झपर्यंत पोहोचते. त्यामुळे लहान मुलात जे स्वाभाविक, तेच प्रौढात असामान्य ठरू शकते.

तिसरा मुद्दा संख्याशास्त्रीय आहे. 19 स्थाने व 5 पट्टे यांच्या 95 तुलना होतात. निरोगी व्यक्तीतही प्रत्येक मूल्य सरासरीपासून 1.96 प्रमाण विचलनांपलीकडे जाण्याची शक्यता शंभरात पाच असते. म्हणजे पूर्ण निरोगी माणसाच्या नकाशावर सरासरीने जवळजवळ पाच ठिकाणी ‘विकृती’ दिसेल. शेजारच्या विद्युत् अग्रांची मूल्ये परस्परसंबद्ध असल्याने ही ठिकाणे बहुधा एकत्र येतात व नकाशावर एक गडद डाग तयार होतो. लक्षणे, वैद्यकीय इतिहास आणि पुन्हा घेतलेली नोंद यांच्याशी जुळल्याखेरीज अशा डागाला अर्थ देता येत नाही.

थीटा व बीटा यांच्या गुणोत्तराचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अवधान-न्यूनता व अतिचलनशीलता विकार असलेल्या मुलांत हे गुणोत्तर अधिक असते, असे आधीच्या अनेक अभ्यासांत आढळले होते आणि 2013 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्यावर आधारित एका उपकरणाला, वैद्यकीय तपासणीस पूरक म्हणून, परवानगी दिली. परंतु त्याच वर्षी मार्टिन आर्न्स व सहकारी यांनी उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण करून हे गुणोत्तर विश्वसनीय निदानचिन्ह नसल्याचे दाखविले. 2016 मध्ये अमेरिकन तंत्रिकाविज्ञान अकादमीनेही निदानासाठी त्यावर विसंबण्याविरुद्ध सल्ला दिला. गुणोत्तर थीटा वाढल्याने वाढले की बीटा घटल्याने, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. शिवाय ज्याची आल्फा लय जात्याच मंद, उदा., 7.5 हर्ट्‌झ आहे, त्याचा आल्फा ठराविक सीमांमुळे थीटात मोजला जातो व गुणोत्तर अकारण फुगते.

प्रशिक्षणाच्या पद्धती : पुढील चार पद्धती विशेष प्रचलित आहेत. (1) संवेदी-प्रेरक लय प्रशिक्षण : मस्तकाच्या मध्यावर किंवा त्याच्या बाजूस 12 ते 15 हर्ट्‌झची लय वाढविणे व त्याच वेळी थीटा आणि स्नायूजन्य उच्च कंप्रता कमी ठेवणे. अपस्मार व निद्रानाश यांसाठी ही वापरली गेली आहे. (2) थीटा-बीटा प्रशिक्षण : थीटा कमी व बीटा अधिक करणे, मुख्यत: अवधानाच्या विकारांत. (3) आल्फा-थीटा प्रशिक्षण : डोळे मिटून गाढ शिथिलतेकडे जाणे, व्यसनाधीनता व आघातोत्तर मानसिक विकार यांत. (4) मंद वर्चस् प्रशिक्षण : काही सेकंद टिकणारे ऋण वा धन वर्चस् आळीपाळीने निर्माण करणे.

एक बैठक सामान्यत: अर्ध्या ते पाऊण तासाची असते. आठवड्यातून दोन-तीन याप्रमाणे 20 ते 40 बैठका घेतात. प्रत्येक बैठकीच्या आरंभी मूळ पातळी मोजून सीमामूल्य असे ठरवितात की पारितोषिक अगदी दुर्मिळही होऊ नये व आपोआप मिळत राहू नये. प्रत्याभरणास विलंब झाल्यास शिक्षण मंदावते. सीमामूल्य संगणकाने सतत आपोआप बदलत ठेवल्यास, मेंदूत काहीही बदल न होता पारितोषिकांचे प्रमाण कायम राहते आणि प्रगतीचा आभास निर्माण होतो. म्हणून गुणांची संख्या नव्हे, तर मूळ तरंगांतील बैठकांगणिक होणारा बदल हा शिक्षणाचा पुरावा मानतात. शेवटच्या टप्प्यात प्रत्याभरण काढून घेऊनही ती अवस्था साधता येते का, हे पाहतात.

परिणामकारकता : या पद्धतीचा सर्वांत अधिक अभ्यास अवधान-न्यूनता विकारात झाला आहे. पालकांना उपचार माहीत असतो तेव्हा त्यांनी नोंदविलेली सुधारणा लक्षणीय असते. परंतु उपचाराची माहिती नसलेल्यांकडून मूल्यमापन करविल्यास ती बरीचशी नाहीशी होते. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका चाचणीत 7 ते 10 वर्षे वयाच्या 144 मुलांची दोन गटांत यदृच्छया विभागणी करण्यात आली. एका गटाला खरे थीटा-बीटा प्रत्याभरण व दुसऱ्याला स्वत:च्या मेंदूतरंगांशी संबंध नसलेले प्रत्याभरण दिले. कोणाला काय मिळते हे मुले, पालक व प्रशिक्षक यांपैकी कोणासही ठाऊक नव्हते. दोन्ही गटांतील मुलांची लक्षणे कमी झाली, पण गटांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. 2024 च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या 38 यादृच्छिक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातही, उपचाराची माहिती नसलेल्या निरीक्षकांच्या मते, मुख्य लक्षणांवर अर्थपूर्ण परिणाम दिसला नाही.

यावरून मुलांत झालेली सुधारणा खोटी होती असे होत नाही. नियमित बैठका, स्वस्थ बसण्याचा सराव, प्रौढ व्यक्तीचे लक्ष व प्रोत्साहन आणि वाढते वय यांचा तो परिणाम असू शकतो. मात्र विशिष्ट तरंग बदलल्यामुळेच सुधारणा झाली, हा दावा या विकारात टिकत नाही. उपचार दीर्घ व खर्चिक असल्याने हा भेद कुटुंबाच्या दृष्टीने गौण नाही. प्रभावी उपचार त्यामुळे लांबणीवर पडल्यास मुलाच्या शालेय वर्षांची हानी होते. अपस्माराच्या रुग्णाने तर वैद्याच्या सल्ल्याशिवाय औषध थांबविणे धोक्याचे ठरते. प्रशिक्षणाचे दुष्परिणाम सामान्यत: सौम्य असतात, थकवा, डोकेदुखी, चिडचिड व झोपेतील तात्पुरता बदल यांचा त्यांत समावेश होतो.

भारतातील कार्य : मेंदूतरंगांवर हेतुपूर्वक नियंत्रण शक्य आहे का, या प्रश्नाचा भारतातील योगाभ्यासाशी निकटचा संबंध आहे. 1961 मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंग यांनी योग्यांच्या मस्तिष्कालेखांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ध्यानावस्थेत त्यांची आल्फा लय ठळक राहते व बाह्य उद्दीपकांनी ती दबत नाही, असे त्यांना आढळले. या निष्कर्षांचा पुढील काळातील ध्यानविषयक संशोधनावर मोठा प्रभाव पडला. बंगळूर येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व तंत्रिकाविज्ञान संस्थेत डोक्याला मार लागलेल्या रुग्णांच्या पुनर्वसनासाठी तंत्रिका प्रत्याभरणाचे प्रयोग झाले आहेत. उपचार म्हणून या पद्धतीचे स्थान निश्चित झालेले नसले, तरी मेंदूचे नियमन समजून घेण्याचे आणि पक्षाघातग्रस्तांना यंत्राद्वारे संपर्क साधून देण्याचे साधन म्हणून तिचे महत्त्व मान्य झाले आहे.