रजिस्ट्री झाली, संस्था विसरली

आजच्या महाराष्ट्राच्या दोन टोकांना १९१५ च्या सुमारास घराविषयीच्या दोन गोष्टी घडल्या. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्बराव तल्माकी यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्थेची नोंदणी झाली. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराने नागपूरच्या नगरपालिकेसाठी शहराच्या रचनेचा अहवाल लिहिला. गावदेवीत भाडेकरूंनी ठरवले की इमारत संस्थेची असेल, आपण सभासद म्हणून तिथे राहू आणि तिचा कारभार आपणच पाहू. गेडिस यांचा आग्रह वेगळा होता. आधी शहराची पाहणी करा, ती नागरिकांपुढे मांडा, आराखडा त्यानंतर करा. वस्ती पाडून रस्ते काढण्याऐवजी ती थोडीथोडी दुरुस्त करा, हे ते भारतातल्या एकेका शहराला सांगत होते.

आपले घर आपण मिळून उभारणे आणि शहराच्या आराखड्यात आपले म्हणणे मांडणे हे दोन विचार शंभर वर्षांहून जुने आहेत. नागपुरात ते एकमेकांना भेटले का, हे तपासायला रामदासपेठेसारखी दुसरी जागा नाही.

फार्मलँड ते फ्लॅट स्कीम

रामदासपेठेतल्या कित्येक पत्त्यांत आजही ‘फार्मलँड’ हा शब्द लिहिला जातो. शहराच्या कडेची शेतजमीन बंगल्यांची वस्ती झाली, तिथे दवाखाने आले आणि आता जुन्या बंगल्यांच्या जागी फ्लॅट स्कीम उभ्या राहत आहेत. नागपूरच्या मध्यवर्ती भागातल्या जमिनींची मालकी हे स्वतंत्र प्रकरण आहे. कित्येक प्लॉट नझूलचे, म्हणजे सरकारने भाडेपट्ट्याने दिलेले. पट्ट्याचे नूतनीकरण, शर्तभंग, हस्तांतरणावरची अनर्जित रक्कम हे शब्द इथल्या जुन्या घरांतल्या लोकांना पाठ आहेत. वर्ग दोनच्या, म्हणजे हस्तांतरणावर बंधने असलेल्या, आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी वर्ग एकमध्ये, म्हणजे पूर्ण मालकीत, रूपांतरित करण्याचे नियम ८ मार्च २०१९ रोजी आले. विदर्भातल्या नझूल जमिनींसाठी विशेष अभय योजना यायला मात्र मार्च २०२४ उजाडला.

दुसरा मोठा जमीनदार म्हणजे १९३६ च्या कायद्याने जन्मलेला नागपूर सुधार प्रन्यास. जमीन संपादन करायची, रस्ते आखायचे, प्लॉट पाडून तीस वर्षांच्या पट्ट्याने द्यायचे, ही प्रन्यासची रीत. शहराला रुंद रस्ते आणि मोकळी मैदाने मिळाली, त्याचे मोठे श्रेय या पद्धतीला द्यावेच लागते. पण प्रन्यासच्या विश्वस्त मंडळात लोकांनी निवडून दिलेल्यांना जागा मोजकीच होती. वस्ती कशी असावी हे ठरवणारे वेगळे आणि तिथे राहणारे वेगळे, अशी सवय शहराला लागली ती तेव्हापासून.

लेआउटची सोसायटी

ज्यांना प्रन्यासचा प्लॉट परवडला नाही किंवा मिळाला नाही, ते सहकारी गृहनिर्माण संस्थेकडे वळले. सहकाराच्या कायद्यात अशा संस्थांचे दोन ठळक प्रकार आहेत. एकात जमीन संस्थेची आणि घर सभासदाचे, तर दुसऱ्यात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची. गावदेवीची संस्था दुसऱ्या प्रकारची होती. नागपुरात पहिल्याची चलती झाली आणि तीही बदललेल्या रूपात. संस्थेने शहराबाहेर शेती घ्यायची, लेआउट पाडायचा आणि हप्त्याहप्त्याने प्लॉट द्यायचे. कारकून, शिक्षक, टपाल व टेलिफोन खात्यातले कर्मचारी अशा हजारो पगारदारांना याच वाटेने घर मिळाले. सहकारनगर, टेलिकॉमनगर ही वस्त्यांची नावेच त्या काळाची साक्ष देतात.

पण बहुतेक ठिकाणी प्लॉटची रजिस्ट्री झाली की संस्थेचे काम संपले. सर्वसाधारण सभा बंद, हिशेब बंद, पदाधिकाऱ्यांचा पत्ता नाही. पुष्कळ लेआउट अकृषक परवानगीशिवाय किंवा मंजुरीशिवायच पाडलेले होते. त्यामुळे घर बांधून झाल्यावर रस्ता, गडरलाईन आणि पाणी मागायला गेलेल्या माणसाला उत्तर मिळू लागले की तुमचा लेआउट अनधिकृत आहे. नागपूरकरांच्या बोलण्यात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे येतात ते याच अनधिकृत लेआउटांच्या संख्येचे. गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ मध्ये आला आणि डिमांड नोट भरून ‘आरएल’, म्हणजे नियमितीकरणाचे पत्र, मिळवण्याच्या रांगा लागल्या. त्या कायद्याची मुदतरेषा २०२१ च्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे सरकली. म्हणजे वीस वर्षांत मूळ दुखणे बरे झाले नव्हते.

यातला धडा साधा आहे. संस्था जिवंत राहिली असती, तर लेआउटमधली मोकळी जागा कोणाची, रस्त्याची रुंदी किती, विकास शुल्क कशावर खर्च झाले, हे विचारणारी एक नोंदणीकृत सामूहिक ताकद उभी असती. संस्था मेली आणि उरला एकटा प्लॉटधारक, हातात रजिस्ट्री आणि सातबारा घेऊन खिडकीसमोर उभा.

रामदासपेठेत फ्लॅट स्कीम आल्या तेव्हा हेच निराळ्या रीतीने घडले. नागपुरात पुष्कळ इमारती सोसायटीऐवजी १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली नोंदल्या जातात. त्यात प्रत्येक फ्लॅटधारकाचा जमिनीत अविभाजित हिस्सा असतो. मालकीच्या दृष्टीने हे भक्कम वाटते. पण सहकारी संस्थेला असते तशी निबंधकांची देखरेख, लेखापरीक्षण आणि वार्षिक सभेची शिस्त तिथे तितकी नसते. इमारत तीस-चाळीस वर्षांची होऊन पुनर्विकासाची वेळ आली की ही उणीव जाणवते.

तक्रार थेट न्यायालयात

सामूहिक घडण कमकुवत असली की नागरिकांचा धोरणाशी संबंध नुकसान झाल्यावरच येतो. शेजारच्या धंतोलीत रुग्णालयांमुळे रस्त्यांची आणि पार्किंगची जी दशा झाली, तिच्याविरुद्ध धंतोली नागरिक मंडळाला मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका करावी लागली. रामदासपेठेचे दुखणे त्याहून वेगळे नाही. राहत्या घरांच्या वस्तीत किती रुग्णालये असावीत, हा घरांच्या धोरणाचा प्रश्न आहे. तो परवानगीच्या टेबलावर सुटायला हवा होता.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी काठच्या वस्त्यांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउटपासून रामदासपेठ, सीताबर्डीपर्यंत लोकांच्या घरांत पाणी होते. पूरग्रस्त रहिवासी पुन्हा खंडपीठातच गेले. न्यायालयाने दखल घेतली हे चांगलेच झाले. पण नदीची रुंदी, सांडव्यापुढची बांधकामे आणि पूररेषा यांवर नागरिकांनी बोलायची जागा आराखड्याच्या सुनावणीत होती. याचिका हा शेवटचा उपाय आहे. आपल्याकडे तो पहिला झाला आहे.

दारे किती, उघडी किती

कायद्याने नागरिकांसाठी दारे ठेवली आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करावा लागतो, कलम २६ खाली हरकती व सूचना मागवाव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी द्यावी लागते. आराखड्यातल्या किरकोळ फेरबदलांसाठीही कलम ३७ ची सूचना निघते. मेट्रो मार्गाच्या दोन्ही बाजूंना ५०० मीटरपर्यंत चारपर्यंत एफएसआय (चटईक्षेत्र निर्देशांक) देणारे नियम नागपुरात २०१७ मध्ये आले. मुंबई वगळता बहुतेक राज्यासाठीची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये लागू झाली. रामदासपेठ वर्धा रोडवरच्या ऑरेंज आणि उत्तरेच्या ॲक्वा या दोन मेट्रो मार्गांच्या मध्ये आहे, म्हणून इथल्या प्रत्येक जुन्या इमारतीचे भवितव्य या नियमांत लिहिलेले आहे. त्यांवर वस्तीची एकत्रित, ठरावाने केलेली सूचना किती ठिकाणांहून गेली असेल, हा प्रश्न प्रत्येक इमारतीने स्वतःला विचारावा.

काही दारे तर उघडलीच नाहीत. प्रत्येक प्रभागात मतदारांची क्षेत्रसभा भरवण्याची तरतूद राज्याने २००९ मध्ये कायद्यात केली. ती कागदावरच राहिली. त्यात महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि पुढे साडेतीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. या काळात नागपूरकराला वस्तीचा प्रश्न विचारायला नगरसेवकही नव्हता.

संघटित नागरिकांनी धोरण बदलल्याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २०१६ चा रेरा, म्हणजे स्थावर संपदा नियमनाचा कायदा यावा यासाठी फसवल्या गेलेल्या घरखरेदीदारांनी देशभर मोहीम चालवली आणि मुंबई ग्राहक पंचायतीने त्यात वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. पुढे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, महारेराने, तक्रारींच्या तडजोडीसाठी सलोखा मंच उभारला, तेव्हा त्यात ग्राहक संस्थांना विकासकांच्या बरोबरीने बसवले. अभ्यास, चिकाटी आणि संघटना एकत्र आल्या की सरकारला ऐकावे लागते, हे तिथे सिद्ध झाले.

इतरांनी काय केले

स्वित्झर्लंडच्या ज्यूरिक शहरात नोव्हेंबर २०११ मध्ये सार्वमत झाले. २०५० पर्यंत शहरातली एक तृतीयांश भाड्याची घरे नफ्याशिवाय चालणाऱ्या संस्थांची असावीत, या प्रस्तावाला सुमारे तीन चतुर्थांश मतदारांनी कौल दिला. तिथल्या गृहनिर्माण सहकारी संस्था शंभर वर्षे जुन्या आणि जिवंत आहेत, म्हणूनच हा प्रश्न मतपेटीपर्यंत पोचला. उरुग्वे त्या मानाने गरीब देश. तिथल्या १९६८ च्या गृहनिर्माण कायद्याने श्रमदानाने घरे बांधणाऱ्या सहकारी संस्थांना मान्यता दिली. त्यांचा महासंघ १९७० मध्ये उभा राहिला आणि आजही तो सरकारशी जमीन व कर्जाच्या अटींवर वाटाघाटी करतो. दोन्हीकडे क्रम सारखाच आहे, आधी जिवंत संस्था, मग धोरणात आवाज.

सभेपासून सुरुवात

आपल्याकडेही पाया आहे. सहकारी संस्था स्थापन करणे हा २०१२ पासून घटनेच्या कलम १९ मधला मूलभूत हक्क आहे. गृहनिर्माण संस्थांसाठी २०१९ मध्ये सहकार कायद्यात १५४ ब या कलमांचे स्वतंत्र प्रकरण आले. पुनर्विकासाबाबत ४ जुलै २०१९ च्या निर्देशांनी सभेला दोन तृतीयांश सभासदांची उपस्थिती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, निबंधकांचा प्रतिनिधी आणि चित्रीकरण आवश्यक केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वयंपुनर्विकासाचा शासन निर्णय निघाला. म्हणजे विकासकाशिवाय संस्थेने स्वतः इमारत उभारायची आणि वाढीव जागेचा लाभ सभासदांकडे ठेवायचा. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ‘माझे घर, माझे अधिकार’ या राज्याच्या गृहनिर्माण धोरणातही स्वयंपुनर्विकासाला स्थान आहे. या धोरणाचा मसुदा २०२४ मध्ये सूचनांसाठी खुला झाला होता.

नागपूरसाठी तीन मागण्या स्पष्टपणे मांडाव्या लागतील. लेआउट पाडून थंडावलेल्या गृहनिर्माण संस्थांचे सर्वेक्षण करून त्यांची नोंदवही, मोकळ्या जागा आणि नकाशे रहिवाशांच्या हाती द्यावेत, आणि जिथे शक्य आहे तिथे त्या पुन्हा कार्यरत कराव्यात. क्षेत्रसभांची तरतूद अमलात आणावी. आराखडा असो की नियमावलीतला बदल, त्याची मराठी प्रत आणि वस्तीनिहाय नकाशा प्रभाग कार्यालयात लावल्याशिवाय हरकतींची मुदत सुरू होऊ नये. हे सगळे घर असलेल्यांपुरतेही ठेवू नये. शहरात चारशेहून अधिक झोपडपट्ट्या आहेत आणि त्यांतल्या लोकांची मालकी पट्ट्यांची मागणी हाही याच धोरणाचा भाग आहे. रामदासपेठेच्या बंगल्यात धुणीभांडी करणारी बाई कुठे राहते, हे विचारल्याशिवाय गृहनिर्माण धोरण पूर्ण होत नाही.

सरकारकडे मागण्याआधी काही गोष्टी आपल्याच हातात आहेत. आपली इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट, जमीन नझूलची की प्रन्यासची, अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावे होणे, झाले की नाही, हे कागद काढून पाहा. सोसायटी असेल तर वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. तिला जा, हिशेब वाचा, सिंकिंग फंड किती साठला ते विचारा आणि इमारत जुनी असेल तर संरचनात्मक तपासणीचा ठराव मांडा. त्या सभेच्या विषयपत्रिकेवर एक विषय दरवर्षी ठेवा: आपल्या वस्तीच्या आराखड्यात आणि नियमांत काय बदलते आहे आणि आपले लेखी म्हणणे काय आहे. दहा इमारतींचे असे दहा ठराव एका फाइलीत गेले, तर ते एका याचिकेहून आधी पोचतील आणि अधिक काम करतील. येत्या सभेची नोटीस लागेल तेव्हा ती वाचून पुढे जाऊ नका, सभेला जा.