नदी निळी कुठं असती?

आमच्या घरात एक रेल्वे स्टेशन आहे असं सांगितलं की नव्या ओळखीच्या बायका आधी माझ्याकडं बघतात आणि मग एकमेकींकडं. पण ते खरंच आहे. माझे सासरे, म्हणजे अण्णा, रेल्वेत होते. आमचं गाव कुर्डुवाडी, इथं घराघरात कुणी ना कुणी रेल्वेतलं असतंच. रिटायर झाल्यावर काही लोक देवधर्माला लागतात, काही राजकारणावर बोलत बसतात. अण्णांनी मागच्या खोलीत दहा फूट बाय चार फूट प्लायवूड टाकलं आणि त्यावर रूळ अंथरले!

सगळं एकास सत्त्याऐंशी या मापात. म्हणजे खऱ्या वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग. दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर आणि फलाटावरचा माणूस जेमतेम दोन सेंटिमीटरचा. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १९९८ पासून ते सगळ्यांना बघायला मिळतं. अण्णांनी ते पाहिलं आणि तिथूनच हे वेड घेऊन आले. स्टेशन झालं, सिग्नल झाले, दगडी खांबांचा पूल झाला. पुलाखाली नदी हवी म्हणून अण्णांनी उरलेला निळा ऑइलपेंट फासला आणि वर वॉर्निश मारलं.

खरं सांगायचं तर मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शाळेत चित्र काढताना आपण सगळ्यांनी नदी निळीच रंगवली की!

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या खोलीत फारशा जात नसत. "म्हाताऱ्याचा खेळ" म्हणून सोडून द्यायच्या. एकदा चहा द्यायला गेल्या आणि पुलापाशी थांबल्या. म्हणाल्या, "नदी निळी कुठं असती? ही काय आमची भीमा न्हवं." आणि कप तसाच ठेवून बाहेर आल्या.

मैत्रिणींनो, या एका वाक्यामागं काय होतं ते समजायला मला पुढचे चार-पाच दिवस लागले.

आत्याबाईंचं माहेर करमाळा तालुक्यात, अगदी भीमेच्या काठावर. पहिल्या बाळंतपणाला, म्हणजे आमच्या ह्यांच्या वेळी, त्या माहेरी गेल्या होत्या. दुसऱ्या वेळी जायला गावच राहिलं नव्हतं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं आणि मागं पाणी पसरलं. करमाळा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतली कितीतरी गावं त्यात गेली. आज या उजनीच्या पाण्यावर सोलापूर जिल्ह्यातला ऊस उभा आहे, आमच्या नळालाही पाणी आहे. ते नाकारून कसं चालेल? पण आत्याबाईंचे भाऊ आधी पुनर्वसनाच्या गावठाणात गेले आणि नंतर पोटापाण्यासाठी पांगले. "माझं माहेर पाण्यात गेलं," असं त्या म्हणतात. आपण हा शब्दप्रयोग पैसे वाया गेले की वापरतो. त्यांच्या बाबतीत तो अक्षरशः खरा आहे.

पुण्याला जाताना जेऊर सोडून भिगवणकडं निघालं की गाडी या पाण्यावरून जाते. हिवाळ्यात तिथं रोहित पक्षी येतात, सगळे खिडकीला चिकटतात. आत्याबाई मात्र तेवढा वेळ डोळे मिटून बसतात. मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांना गाडी लागते.

मी बचत गटाचं काम करते. बाहेरच्या बायकांची दुःखं वहीत लिहून घेते. घरातलीचं माहेर कुठं होतं हे मात्र मी कधी नीट विचारलं नव्हतं. त्याची लाज वाटली. मग मी अण्णांना म्हटलं, "नदी मी करते. आत्याबाई सांगतील तशी."

पहिला प्रश्न शेजारच्या मुलाचा : "काकू, खरंच पाणी ओता की!" ते जमत नाही. प्लायवूड फुगतं, रुळांत वीज असते, डास होतात ते वेगळंच. आणि मुख्य म्हणजे पाण्याला लहान होता येत नाही. पाच मिलिमीटरचा थेंब त्या दोन सेंटिमीटरच्या माणसाशेजारी ठेवला तर तो हंड्याएवढा दिसतो. म्हणून छोट्या जगातलं पाणी हे पाण्याचं करतच नाहीत. ते रंगाचं आणि रेझिनचं करतात. हल्ली रेझिनचे ट्रे आणि कीचेन करणाऱ्या आपल्या पुष्कळ मैत्रिणी आहेत, तेच हे रेझिन.

नदी खोल दिसते ती खड्ड्यामुळं नव्हे, तळाच्या रंगामुळं. आमचा खड्डा एक सेंटिमीटरसुद्धा नव्हता. मी आत्याबाईंना विचारत गेले आणि रंग लावत गेले. "मधी काळपट शेवाळी. कडंला मातकट, मग वाळूचा रंग." निळा? "निळं दिसतं ते आभाळ, पाणी न्हवं." किती खरं! वरचा थर चकचकीत झाला की तो खोलीतला उजेड आपोआप दाखवतो, तळाला निळा रंग लावायची गरजच नसते.

नदी वळते तिथं त्यांनी माझा हात धरला. "आतल्या अंगाला वाळू साठती, भाईरच्या अंगाला डोह असतो. तिथं पोरांना जाऊ देत न्हवते." भूगोलाच्या पुस्तकात हेच असतं. वळणाच्या आतल्या बाजूला प्रवाह मंद म्हणून गाळ बसतो आणि बाहेरच्या बाजूला जोर म्हणून काठ खचतो. मी बी. ए.ला भूगोल घेतला होता. आत्याबाई चौथी शिकलेल्या!

काठासाठी सामान सगळं घरातलंच. चाळलेली वाळू, वाळवलेला चहाचा चोथा मातीसाठी, काथ्याचे धागे उभे चिकटवून लव्हाळी, भांडी घासायचा स्पंज कुस्करून हिरव्या रंगात बुडवून झुडपं. फेविकॉलमध्ये पाणी घालून त्यावर सोडलं की घट्ट बसतं.

रेझिनच्या वेळी मात्र मी फजिती करून घेतली. दोन बाटल्या असतात, एक रेझिन आणि एक हार्डनर. मी भाजीत मीठ घालावं तसं अंदाजानं घातलं. चार दिवस झाले तरी नदी चिकटच! वर पुलाच्या एका खांबाजवळ बारीक फट राहिली होती, तिथून अर्धी नदी खालच्या फरशीवर आली. सगळं खरवडून काढावं लागलं. अण्णा काही बोलले नाहीत. आत्याबाई एवढंच म्हणाल्या, "ही बी वाहून गेली व्हय?" आम्ही तिघं हसलो, पण मला रात्री झोप आली नाही. त्यांची नदी माझ्या हातून दुसऱ्यांदा जायला नको होती.

दुसऱ्या वेळी सगळं मापात केलं. कुणाला करायचं असेल तर सांगते. प्रमाण बाटलीवर लिहिलेलं असतं आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. वजनानं घ्यायचं की मापानं, हेही बघा. कडा आणि तळ खरवडत सावकाश ढवळा. हातात मोजे, खिडक्या उघड्या, लहान मुलं लांब आणि स्वयंपाकाचं भांडं अजिबात वापरायचं नाही. आधी गवंड्याची लेव्हल लावून टेबल सपाट आहे का बघा, नाहीतर सगळी नदी एका टोकाला जाते. फटी बुजवून तळ रंगानं पक्का बंद करा. एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. जाड थर आतून तापतो, मग तडे जातात आणि पिवळेपणा येतो. बुडबुडे आले तर हेअर ड्रायरची गरम हवा लांबून फिरवा. मग धूळ बसू नये म्हणून वर खोकं झाका आणि दिवसभर हात लावू नका. आम्ही तीन दिवसांत तीन थर दिले.

चौथ्या दिवशी खोकं काढलं. आरशासारखी नदी! मी अगदी खूश. आत्याबाईंना हाक मारली. त्या बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "हे तर धरणाचं पाणी झालं गं."

मी चपापले. खरंच होतं. पाणी होतं, पण ते साचलेलं होतं.

मग त्याच माझ्याजवळ स्टूल घेऊन बसल्या. रेझिनवर लावायला पारदर्शक ग्लॉस जेल मिळतं, ते ब्रशनं उचलून हलके हलके ठिपके द्यायचे. साध्या वाऱ्याच्या लाटा कशाही चालतात, प्रवाहाच्या मात्र ओळी एका दिशेनं लागतात. खांबाला पाणी धडकतं तिथं वरच्या अंगाला फुगीर कड, खालच्या अंगाला दोन्हीकडं फाकत जाणाऱ्या रेघा आणि त्यांच्यामध्ये छोटासा भवरा. तो भवरा आत्याबाईंनी स्वतः टूथपिकनं काढला. पांढरा रंग अगदी चिमूटभर, फक्त खांबाच्या नाकावर. जेल लावताना दुधी दिसतं आणि वाळलं की पारदर्शक होतं. सकाळी उठून पाहिलं तर नदी वाहत होती!

आत्याबाईंनी अंगणातून एक चपटा खडा शोधून आणला आणि काठाला चिकटवायला लावला. हा त्यांच्या आईचा धुणं धुवायचा दगड. त्यावर माणूस ठेवू का, असं अण्णांनी विचारलं. त्या "नको" म्हणाल्या. का, ते आम्ही विचारलं नाही.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बचत गटाच्या बायका आल्या होत्या. त्यातल्या दोघींची माहेरं त्याच पाण्यात गेलेली. वाण घेऊन त्या निघाल्या होत्या, पण टेबलापाशी थांबल्या. एकीनं वळणाच्या पलीकडं बोट ठेवलं, "आमची विहीर हितं हुती." मग तिघी बोलत राहिल्या, कोण कुणाची, कुठली वाट, कुठलं चिंचेचं झाड. पदरानं डोळे पुसत, हसत. माझा चहा दोनदा गरम करावा लागला.

गाव काही परत येत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि लोक फोटो काढायला जातात. आत्याबाई अजूनही गेल्या नाहीत. पण मागच्या महिन्यात पुण्याला जाताना त्या पाण्यावर गाडी आली, तेव्हा त्यांनी डोळे मिटले नव्हते. खिडकीतून बघत मला म्हणाल्या, "डोह त्या बाजूला असंल."

मैत्रिणींनो, तुमच्याही घरात असं कुणी असेल. टेबल, रूळ, रेझिन नसलं तरी चालेल. त्यांच्या नदीचा रंग कोणता होता, एवढं एकदा विचारून बघा.