समुद्रांत बुडालेले पूल

भूगोलाच्या तासाला एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, लेमूर मादागास्कर बेटांत राहतो आणि त्याचा भाऊबंद लोरिस आपल्या दक्षिण हिंदुस्थानांत. मग मधला समुद्र त्यांनीं ओलांडला कसा?" प्रश्न लहान खरा, पण ह्याच प्रश्नानें एकोणिसाव्या शतकांतील मोठमोठ्या पंडितांस कोड्यांत टाकलें होतें.

इ. स. १८६४ सालीं फिलिप स्क्लेटर नांवाच्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनीं त्याचें एक उत्तर सुचविलें. मादागास्करपासून हिंदुस्थानापर्यंत पूर्वीं एक विस्तीर्ण भूमि पसरलेली असावी, तीवरून हे प्राणी इकडून तिकडे गेले असावेत, आणि पुढें ती भूमि समुद्रांत गडप झाली असावी, असें त्यांचें म्हणणें. लेमूरावरून त्या कल्पित भूमीस त्यांनीं 'लेमुरिया' असें नांव दिलें. पुढें ह्या भूसेतूंची एवढी चलती झाली कीं, दोन दूरच्या खंडांत एका कुळीचें जनावर दिसलें कीं नकाशावर पेन्सिलीनें पूल काढावा, आणि काम झालें कीं तो बुडवून टाकावा!

सगळेच भूसेतु खोटे होते असें मात्र नव्हे. आशिया व अमेरिका ह्यांच्यामधील बेरिंगची सामुद्रधुनी अवघी ८५ किलोमीटर रुंद व सुमारें ५० मीटर खोल आहे. हिमयुगांत पुष्कळ पाणी बर्फ होऊन जमिनीवर अडकलें, समुद्राची पातळी सुमारें १२० मीटर उतरली, व त्या ठिकाणीं कोरडी जमीन उघडी पडली. अशी जमीन तेथें अनेक वेळां झालेली आहे. घोडा व उंट ह्यांचे पूर्वज मूळचे उत्तर अमेरिकेंतले. ते निरनिराळ्या काळीं ह्याच वाटेनें आशियांत उतरले. मारवाडच्या उंटाचें मूळ घर अमेरिकेंत, हें ऐकून मुलांस हंसूं येतें. श्रीलंकाहि हिमयुगांत आपल्या देशास अशीच जोडलेली होती.

परंतु उथळ सामुद्रधुनी निराळी आणि हिंदी महासागर निराळा. त्याची सरासरी खोली साडेतीन हजार मीटरांहून अधिक आहे. शिवाय, खंडें ज्या खडकांचीं बनलीं आहेत ते समुद्रतळाच्या काळ्या खडकाहून हलके असतात. हौदांत लांकडाचा ओंडका टाकून त्यावर ओझें ठेविलें, तर तो थोडा दबेल. पण धोंड्यासारखा तळाशीं जाऊन बसणार नाहीं. खंडांचेंहि तसेंच आहे. एवढा मोठा पूल बुडाला म्हणावें, तर तो बुडणेंच शक्य नव्हतें!

मग खरें उत्तर कोणतें? त्याचा एक धागा आपल्या नागपुराजवळ सांपडतो. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ सालीं नागपुरास आले. शाळेचें काम सांभाळून ते हातोडी घेऊन कामठीकडचे दगड फोडीत व त्यांतील पानांचे ठसे जपून ठेवीत. १८६३ सालीं पाण्यांत बुडून त्यांचा अंत झाला; दगड मात्र राहिले. त्यांत ग्लोसोप्टेरिस नांवाच्या झाडाचें, जिभेच्या आकाराचें पान आहे. हेंच पान आफ्रिका, दक्षिण अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील खडकांतहि मिळतें. १९१२ सालीं दक्षिण ध्रुवाहून परततांना कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती थंडीनें व उपासानें वाटेंत मेले. त्यांच्याजवळ सुमारें १६ किलो दगड सांपडले. पाऊल उचलवत नसतांहि त्यांनीं तें ओझें फेंकून दिलें नव्हतें. पुढें विलायतेंत तपासलें, तों त्यांतहि तेंच पान!

ह्या सर्व देशांस जोडणाऱ्या प्राचीन भूमीला एडुआर्ड स्यूस ह्या भूगर्भशास्त्रज्ञांनीं आपल्या गोंडवनावरून नांव दिलें. पण मधला भाग बुडाला, असेंच तेहि मानीत. १९१२ सालीं जर्मन पंडित आल्फ्रेड वेगेनर ह्यांनीं निराळेंच सांगितलें: पूल बुडाला नाहीं, खंडेंच एकमेकांपासून सरकलीं. त्यांची पुष्कळ थट्टा झाली. १९३० सालीं ग्रीनलंडच्या बर्फांत ते मरण पावले, आणि १९६० नंतरच्या दशकांत समुद्रतळाच्या तपासणीनें खंडें सरकतात हें सिद्ध झालें. आपला देश सुमारें ९ कोटि वर्षांपूर्वीं मादागास्करपासून सुटला व सुमारें ५ कोटि वर्षांपूर्वीं आशियास येऊन भिडला. त्या धडकेंतून हिमालय उठला.

आतां गंमत अशी कीं, ज्या लेमूरासाठीं एवढा खटाटोप झाला, त्यास ह्यांतलें कांहींच लागू पडत नाहीं. देश वेगळे झाले तेव्हां लेमूर जन्मालाच आला नव्हता. आफ्रिकेच्या नद्यांनीं समुद्रांत वाहून नेलेल्या झाडाझुडुपांच्या तराफ्यांवर बसून त्याचे पूर्वज सुमारें ४०० किलोमीटरांचा समुद्र तरून मादागास्करास लागले, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. लोरिसाचे पूर्वज आपल्याकडे बहुधा जमिनीवरून आले.

त्या विद्यार्थ्यास मीं लेमूराऐवजीं एक बेडूक दाखविला, अर्थात् चित्रांतला. केरळांत सह्याद्रीच्या दक्षिण टोंकाकडे सांपडलेल्या ह्या जांभळ्या, टोंकदार नाकाच्या बेडकास २००३ सालीं शास्त्रीय नांव मिळालें. त्यांत 'नासिका' हा आपला संस्कृत शब्द आहे. बेडकाला खारें पाणी सोसत नाहीं. तरीहि ह्याचे सर्वांत जवळचे नातलग सुमारें ३००० किलोमीटर दूर, सेशेल्स बेटांत आहेत. तीं बेटें आपल्याच भूमीला चिकटलेलीं होतीं व सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं सुटून मागें राहिलीं. हा बेडूक वर्षभर मातीखालीं वाळवी खाऊन राहतो, आणि पहिल्या पावसाच्या सुमारास थोडे दिवस अंडीं घालण्यापुरता वर येतो.