नव्वद अधिक दहा

नेटवर्क केबलच्या खोक्यात 305 मीटर केबल येते, म्हणजे जुने हजार फूट. त्यातली सलग किती ओढायची याचा नियम मात्र 90 मीटरचा आहे. भिंतीतून, पाइपातून, ट्रेमधून जाणारी पक्की केबल 90 मीटर, आणि दोन्ही टोकांच्या पॅच कॉर्ड मिळून 10. झाले शंभर. साइटवर हा आकडा सगळ्यांना पाठ असतो आणि फारसं कुणी तो मनावर घेत नाही, कारण एकशे वीस मीटरवरही स्विचचा हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की गिऱ्हाईक खूश आणि ठेकेदार मोकळा.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका साखर कारखान्यात आम्ही गेलो तेव्हा असाच दिवा लागलेला होता. तक्रार वजनकाट्यावरच्या कॅमेऱ्याची. दिवसभर चित्र स्वच्छ, अंधार पडला की कॅमेरा बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि रात्रभर तेच. हंगामात काटा चोवीस तास चालतो, उसाच्या गाड्यांची रांग रात्रीच जास्त लांबते, त्यामुळे नेमक्या त्याच वेळचं चित्रण गायब.

नकाशावर काटा कार्यालयापासून 75 मीटरांवर. पण केबल नकाशावरून जात नाही. ती दुसऱ्या मजल्यावरच्या रॅकमधून खाली उतरते, गेटला वळसा घालते, चारीतून रस्ता ओलांडते, खांबावर चढते आणि केबिनमध्ये पुन्हा दोन वेटोळी घेऊन बसते. आवरणावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांच्या आकड्यांची वजाबाकी केली की खरं अंतर कळतं. इथे सरळ वजाबाकीही जमेना, कारण खांबावर मध्येच एक जोड होता, काळी टेप गुंडाळलेला. दोन तुकडे वेगवेगळे मोजून बेरीज 134 आली.

शंभराचा आकडा म्हणजे भिंत नव्हे, हमी आहे. मानकात बसणारी केबल, नीट बसवलेली टोकं, बेताचं तापमान एवढं असेल तर शंभर मीटरपर्यंत बिटं बिनचूक पोचतील, असा तो करार. यातली एकेक अट ढिली झाली की शंभरातले मीटर कमी होत जातात. म्हणूनच कुठे 120 मीटरवर निभावतं आणि कुठे 80 मीटरवर रडारड होते.

पहिला वाटेकरी तांबं स्वतःच. कॅट 6 केबलमधली तार जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर जाड असते, आणि उच्च वारंवारतेचा प्रवाह तीही पूर्ण वापरत नाही. तो तारेच्या पृष्ठभागाला धरून वाहतो. 100 मेगाहर्ट्झला हा थर साधारण 6.6 मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढा. वारंवारता वाढेल तसा थर पातळ होतो आणि रोध वाढतो. शिवाय तारेभोवतालचं प्लास्टिकही थोडी ऊर्जा खातं. कॅट 6 च्या पूर्ण शंभर मीटर वाटेवर 100 मेगाहर्ट्झला 21.3 डेसिबल घट मानकाने चालवून घेतली आहे. म्हणजे निघालेल्या व्होल्टेजचा जेमतेम बारावा हिस्सा पलीकडे पोचतो. 250 मेगाहर्ट्झला हीच मुभा 35.9 डेसिबलची आहे, तिथे साठावा हिस्साही उरत नाही.

एवढा क्षीण संदेश ओळखायला यंत्र समर्थ असतं. पंचाईत वेगळीच आहे. गिगाबिट इथरनेटमध्ये चारही जोड्यांवर दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक चालते. ज्या टोकाला पलीकडचा मलूल संदेश ऐकायचा, त्याच टोकावरून स्वतःचा ताजा, दणदणीत संदेश निघत असतो आणि शेजारच्या जोडीत पाझरतो. काट्याच्या केबिनमध्ये बसून हे कळायला वेळ लागत नाही. खिडकीबाहेर ट्रॅक्टरवर गाणी फुल आवाजात लागलेली आणि काटा लिपिक एक कान बोटाने दाबून फोनवर गटाचा नंबर लिहून घेतोय. पलीकडचा माणूस नेहमीच्याच आवाजात बोलत असतो.

हा पाझर आवरायला जोडीतल्या दोन तारांना पीळ घातलेला असतो. चारही जोड्यांचा पीळ मुद्दाम वेगवेगळा, म्हणजे एकीचा उपद्रव दुसरीत साचत नाही, जागच्या जागी खोडला जातो. जास्त पिळाच्या जोडीला तार जास्त लागते. त्यामुळे एकाच आवरणातल्या चार जोड्यांची लांबी चाचणी यंत्र वेगवेगळी दाखवतं. प्रथमच पाहणारा म्हणतो, यंत्र बिघडलंय. शंभर मीटरांत चारही जोड्यांच्या पोचण्यात 50 नॅनोसेकंदांपर्यंत फरक चालतो, त्यापुढे नाही.

आता टोकं. आमच्यातला एक वायरमन आय-ओ, म्हणजे भिंतीवरचा नेटवर्क सॉकेट, पंच करताना मी नेहमी बघत राहतो. तो आवरण हवं तेवढंच सोलतो, मधला प्लास्टिकचा कणा कापतो, जोड्या रंगाप्रमाणे खाचांशी आणतो आणि पीळ अगदी खाचेच्या तोंडापर्यंत ठेवतो. नियमाने पीळ 13 मिलिमीटरपेक्षा जास्त उकलायचा नाही. घाईतला माणूस सोयीसाठी दोन-अडीच इंच उकलतो, तारा सरळ करून विंचरल्यासारख्या लावतो. दिसायला ते काम जास्त सुबक दिसतं. पण जिथे संदेश सर्वांत क्षीण आणि गोंगाट सर्वांत मोठा, तिथेच संरक्षण काढून टाकलेलं असतं. खांबावरच्या त्या टेपखाली तर आठही तारा एक बोटभर उघड्या, पीळ गेलेला, आणि हिरवट काट चढलेली.

पण कॅमेरा रात्रीच का पडत होता? केबलचं टोक ब्लेडने खरवडलं, तर तांबूस रंगाखालून पांढरं निघालं. अ‍ॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. बाजारात या केबलला सीसीए म्हणतात. खोका उचलला तरी हाताला कळतं, कारण अ‍ॅल्युमिनियम तांब्याच्या तिपटीहून हलकं. यातली लबाडी भौतिकशास्त्राला धरून आहे: उच्च वारंवारतेचा संदेश पृष्ठभागावरून जातो आणि पृष्ठभाग खरंच तांब्याचा असतो, त्यामुळे डेटा बऱ्यापैकी चालतो. पण याच केबलमधून कॅमेऱ्याला वीजही दिलेली असते, आणि तो एकदिश प्रवाह तारेच्या पूर्ण छेदातून जातो. तिथे अ‍ॅल्युमिनियमचं पितळ उघडं पडतं. अशी डेटाच्याच केबलमधून वीज देण्याला पीओई म्हणतात; साध्या पीओईत स्विच 15.4 वॅट देतो आणि वाटेत जास्तीत जास्त 2.45 वॅट जळतील असं धरून उपकरणाला 12.95 वॅटची हमी असते. 134 मीटर, वर हलक्या धातूची तार, वर काट चढलेला जोड. दिवसा कॅमेऱ्याचं भागायचं. अंधार पडला की त्याचे इन्फ्रारेड दिवे लागायचे, प्रवाह वाढायचा, व्होल्टेज खाली बसायचं आणि कॅमेरा डोळे मिटायचा.

उष्णतेचा हिशेब तर कुणी करतच नाही. 20 अंशांच्या वर दर अंशाला साध्या केबलची घट सुमारे 0.4 टक्क्यांनी वाढते, 40 च्या वर 0.6 टक्क्यांनी. 60 अंशांना वीस टक्के झाली. त्याच कारखान्यात बॉयलरच्या अंगाने पत्र्याखालून जाणारी एक केबल होती. तिथे 90 मीटर म्हणजे 75 समजायचे.

शंभराच्या आकड्यामागे संदेशांच्या टकरी आहेत असं अजून पुष्कळ जण सांगतात. ते दुसऱ्या काळाचं खरं आहे. झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत 1973 मध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली तेव्हा सगळी यंत्रं एकाच तारेवर बोलत. दोघं एकदम बोलले तर टक्कर झाल्याचं दोघांनाही संदेश संपायच्या आत कळायला हवं. 10 मेगाबिटला त्यासाठी 51.2 मायक्रोसेकंद मिळत, म्हणून जाड कोअ‍ॅक्सचा एक तुकडा 500 मीटर आणि रिपीटर धरून सगळा पसारा 2500 मीटरपर्यंत जाई. वेग दहापट केल्यावर वेळ दहावा हिस्सा उरला, पसाराही दोनशे मीटरच्या आसपास आला. आता प्रत्येक यंत्राला स्विचचा स्वतंत्र दरवाजा आहे, टक्कर होतच नाही. आजचा शंभर मीटर हा निव्वळ संदेशाच्या प्रकृतीचा आहे.

वेग सोडला की अंतर मिळतं, हे काट्याच्या केबिनमध्ये एकाच टेबलावर दिसतं. वजनाचे आकडे दाखवणारा इंडिकेटर आरएस-485 वर बोलत होता. कमी वेगात ही तार 1200 मीटर जाते. सीसीटीव्हीच्या स्विचवर ‘एक्स्टेंड’ची छोटी खटकी असते, ती सरकवली की वेग 10 मेगाबिटवर येतो आणि 250 मीटरचा दावा केला जातो. कारखान्याच्या माणसांनी तेच सुचवलं. मी नको म्हटलं. खटकीने डेटा गेला असता, वीज नाही.

मध्ये स्विच टाकायचा तर त्याला वीज हवी, पेटी हवी, आणि पेटीत गांधीलमाशा घर करतात. शिवाय दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं, आणि वळवाच्या विजा. तांब्याची तार दोन्हीकडची उपकरणं एकदम घेऊन जाते. तेव्हा आर्मर्ड सिंगल मोड फायबर टाकली आणि कॅमेऱ्याची वीज काट्याच्या केबिनमधूनच दिली.

फायबरमध्ये 1310 नॅनोमीटरला किलोमीटरमागे 0.35 डेसिबलच्या आसपास घट होते. आमच्या 134 मीटरची घट 0.05 डेसिबल, कनेक्टरच्या एका जोडीला होते त्याहूनही कमी. म्हणजे इथे अंतर बिनमहत्त्वाचं आणि सगळं टोकांवर. प्रकाश ज्या गाभ्यातून जातो तो नऊ मायक्रोमीटरचा, आणि साखर कारखान्यात बगॅसची भुकटी हवेत कायम तरंगत असते. एक कण बसला तरी वाट अडते. कनेक्टरची टोपी काढून, टोक पुसून, लगेच बसवायचं. काटा लिपिकाला आम्ही सांगून आलो: "दादा, ती पिवळी वायर काढू नका. काढावीच लागली तर टोपी लावून ठेवा, आणि परत घालायच्या आधी फोन करा."