वाळवंटातला शिंपला

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्याला समुद्रकिनारा नाही. तरीही तिथल्या केवा या गावाचं नाव झालं ते शिंपल्यांच्या माळांमुळे. अल्बुकर्की आणि सांता फे या शहरांच्या मधे, रिओ ग्रांदे नदीकाठी वसलेलं हे प्वेब्लो आदिवासींचं गाव. त्यांच्या केरेस भाषेत ‘हैशी’ म्हणजे शिंपला, आणि माळेलाही तेच नाव पडलं.

शिंपले यायचे थेट कॅलिफोर्नियाच्या आखातातून, शेकडो किलोमीटर या हातातून त्या हातात जात. हजार वर्षांपूर्वी याच राज्यातल्या चाको कॅन्यनमध्ये दगडी वाडे उभे राहिले, तेव्हाही हा व्यापार चालू होता. माळांत ओवला जाणारा निळसर पिरोजा दगड मात्र जवळचाच, सेरिओसच्या टेकड्यांतला.

मणी घडवण्याची रीत पाहणाऱ्याला उलटी वाटते. आधी भोक, मग गोलाई!

शिंपला फोडून त्याचे करंगळीच्या नखाहून लहान चौकोनी तुकडे करतात. प्रत्येकाला भोक पाडतात. पूर्वी त्यासाठी एक उभी काठी असे. तिला दोरी गुंडाळलेली. दोरीला बांधलेली आडवी पट्टी खाली दाबली की काठी गरगर फिरे आणि तिचं अणकुचीदार टोक शिंपल्यात उतरे. आता हे काम विजेवर होतं. मग सगळे ओबडधोबड तुकडे एका तारेत ओवून अख्खी सरच्या सर घासायची: पूर्वी वालुकाश्माच्या पाट्यावर, आता फिरत्या सहाणेवर. एकत्र घासल्यामुळेच सगळे मणी सारख्या गोलाईचे उतरतात. पिरोजाचे तर कित्येक तुकडे या घासण्यात फुटून गळून जातात.

चांगली हैशी बोटांतून ओढून पाहावी. कुठेही खरखर लागत नाही. मणी वेगळे जाणवतच नाहीत, एखादी गुळगुळीत दोरी हातातून सरकावी तशी ती सरकते.

१९२९नंतरच्या महामंदीत महागडा माल परवडेनासा झाला, तरी हात थांबले नाहीत. मोटारीच्या जुन्या बॅटरीचं काळं आवरण, फुटक्या ग्रामोफोन तबकड्या, रंगीत प्लॅस्टिकचे कंगवे, गुरांची हाडं, जे मिळेल ते कापून, घासून माळा झाल्या. मधोमध पंख पसरलेला गरुडासारखा पक्षी. रस्त्यावरून आणि रेल्वेने येणारे प्रवासी त्या विकत घेत. टाकाऊ वस्तूंच्या त्या माळांना आज संग्राहकांकडून मोठी मागणी आहे.

पुढे परदेशातल्या यंत्रांवर बनलेले स्वस्त मणी याच नावाखाली बाजारात आले आणि या कारागिरांच्या पोटावर पाय आला. आदिवासींनी न बनवलेली वस्तू त्यांची म्हणून विकणं हा अमेरिकेत गुन्हा आहे. १९९०च्या कायद्याने शिक्षा आणखी कडक केली. पण गिऱ्हाईकाला खरी खात्री मिळते ती कारागिराला समोर पाहून. सांता फेमधल्या जुन्या गव्हर्नर वाड्याच्या ओसरीत हे कारागीर रोज कापड अंथरून बसतात. तिथे आपल्या किंवा आपल्या घरच्यांच्या हातची वस्तूच विकता येते.

तिथल्या काही माळांच्या टोकाला मण्यांचे दोन छोटे वेढे लोंबतात. त्यांना ‘जाक्ला’ म्हणतात. मुळात ती कानातली. कानांतून काढली की माळेला बांधून ठेवायची. वेढ्याच्या तळाशी शिंपल्याचे चारदोन रंगीत तुकडे ओवलेले असतात. त्यांना तिथले लोक मक्याचे दाणे म्हणतात.